नवमतदार आणि निंदाप्रचार

निवडणूक-प्रचारात प्रतिपक्षाची निंदा असूच नये, हे वाक्य वक्तृत्वस्पर्धेत हमखास टाळ्या घेते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. सत्ताधाऱ्याने काय केले नाही हे विरोधकाने सांगावयाचे नाही, तर मग कोणी? १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत विरोधी पक्षांचा प्रचार बव्हंशी आणीबाणीवरील टीकेचाच होता. तो वगळला असता तर मतदारापुढे निवड ती कसली उरली असती? शिवाय आपणा मराठी माणसांना झणझणीत भाषण आवडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्रे यांनी प्रतिपक्षाची रेवडी उडवण्यात काही कसर ठेवली नव्हती.

तेव्हा टीका असावी की नसावी हा खरा प्रश्न नव्हे. ती कशावर असावी, हा आहे. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता येथे पुरेशी स्पष्ट आहे. टीका धोरणे, कार्यक्रम व पूर्वीची कामगिरी यांवर करावी. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खाजगी जीवनात शिरू नये. शहानिशा न केलेले आरोप करू नयेत. त्यापुढे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(४) येते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी वा वर्तनाविषयी, खरे नाही हे ठाऊक असताना, त्याच्या यशास बाध आणणारे खोटे विधान प्रतिस्पर्ध्याने केले वा आपल्या संमतीने करविले, तर ते भ्रष्ट आचरण ठरते आणि निवड रद्द होऊ शकते.

हे कलम केवळ कागदावरचे नाही. १९९१ साली तत्कालीन अहमदनगर मतदारसंघातून यशवंतराव गडाख लोकसभेवर निवडून आले. पराभूत उमेदवार बाळासाहेब विखे पाटील यांनी, प्रचारसभांतून आपल्यावर खोटे आरोप झाले, अशी तक्रार घेऊन उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे गडाखांची निवड रद्द झाली व १९९३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा खटला अवश्य अभ्यासावा. परंतु यात गेलेला काळ पाहा. दोन वर्षांहून अधिक! निवडणूक-अर्ज निकालानंतर ४५ दिवसांत करावयाचा असतो आणि तो मतदारासही करता येतो, हे खरे. पण खोट्या आरोपावर विसंबून ज्याने शिक्का मारला, त्याचे ते मत काही त्याला परत मिळत नाही.

आता आम्हा नवमतदारांची अडचण. १९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळू लागला, पण आमच्यापर्यंत प्रचार पोचतो तो सभेतून क्वचितच. छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता असणे कायद्याने बंधनकारक आहे (कलम १२७क). या हातातून त्या हातात जाणाऱ्या मोबाईलवरील मजकुराचा मुद्रक कोण शोधणार? त्यातून मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर सभांना बंदी. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मतदान २० नोव्हेंबरला होते, म्हणून १८ तारखेस सायंकाळी सहाला ध्वनिक्षेपक थांबले. मोबाईल कसले थांबतात! बालंट नेमके त्या दोन रात्रींत आले, तर ज्याच्यावर आले त्याला सभा घेऊन उत्तर देण्याचीही सोय नाही. मतदाराला विचार करण्यास शांतता मिळावी म्हणून केलेला नियम असा अफवेच्याच पथ्यावर पडतो.

मग पडताळा कशाशी घ्यावा? आरोप फौजदारी खटल्याचा वा मालमत्तेचा असेल, तर उमेदवाराने अर्जासोबत दिलेले प्रतिज्ञापत्र आयोगाने सर्वांस खुले ठेवलेले असते. त्यात प्रलंबित खटले, स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता, कर्जे, शिक्षण हे सारे येते. वाचण्यास फार तर अर्धा तास लागावा. आमच्या वर्गात त्याहून अधिक वेळ एकेका अफवेवर वाद घालण्यात गेला. उमेदवार स्वतःविषयी खरेच लिहील कशावरून, असा आक्षेप काही मित्र घेतात. तो गैर नाही. मात्र प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिल्यास वा माहिती दडविल्यास कलम १२५क अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.