व्यायामाला उरलेला वेळ देऊ नका

बेंगळुरूतल्या महापालिकेच्या बागा अनेक वर्षं पहाटे पाचला उघडत, सकाळी दहाला बंद होत आणि दुपारी दीडला पुन्हा उघडून रात्री आठपर्यंत चालू राहत. पहाटे फिरायला येणारे निवृत्त गृहस्थ, कामावर जाण्याआधी धावून घेणारे तरुण, संध्याकाळी खेळणारी मुलं, या सगळ्यांच्या दिवसात त्या वेळा बरोबर बसत. डबे भरून, शाळेची बस गाठून, घरातल्या मोठ्यांचा नाश्ता आणि औषधं उरकून साडेदहाला हात पुसणारी बाई तेवढी त्यात बसत नसे. जुलै २०२४ मध्ये या बागा पहाटे पाच ते रात्री दहा सलग उघड्या ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. वर्तमानपत्रात बातमी लहान होती. मी ती दोनदा वाचली, कारण तोवर माझं मनगट मोडून सांधलं होतं आणि बाईच्या दिवसात व्यायाम बसवायचा तरी कुठे, याचा मी बराच विचार केला होता.

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर मल्लेश्वरममध्ये आले ती इथलीच झाले. एकोणपन्नासाव्या वर्षी भाजीची पिशवी घेऊन येताना फुटपाथची एक दगडी लादी हलली, तोल गेला, सावरायला उजवा हात टेकला आणि मनगट गेलं. प्लास्टर घालताना डॉक्टरबाई म्हणाल्या, “पडलात त्याचं मला काही वाटत नाही. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं, त्याचं वाटतं.” पुढे हाडांच्या घनतेची तपासणी झाली. त्या तपासणीत उणे एकपर्यंतचा आकडा ठीक समजतात, उणे अडीच किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात. माझा मधला होता, म्हणजे उतरणीला लागलेला. पाळी थांबून फार दिवस झाले नव्हते. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडांची झीज झपाट्यानं होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी नीट समजावून सांगितलं. हाडांची भरणी साधारण तिशीपर्यंत पूर्ण होते. त्यानंतर जे आहे ते टिकवायचं असतं आणि टिकवायला हाडांवर भार पडावा लागतो.

“पण दिवसभर माझ्या पायाला भिंगरी असते,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “ती दमणूक आहे. व्यायाम नाही.”

माझं ते भिंगरीचं वाक्य मी आजवर किती जणींच्या तोंडून ऐकलंय! गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की एक तरी म्हणतेच, घरात एवढं राबतो, वर वेगळा व्यायाम कशाला? विहिरीचं पाणी शेंदणाऱ्या, जात्यावर दळणाऱ्या, दगडावर कपडे आपटणाऱ्या आजीनं हे म्हटलं असतं तर ते खरं होतं. आपल्या घरात मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे, लिफ्ट आहे. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहून कंबर आखडते, मान वाकते, पण छाती भरून धाप लागत नाही आणि मांडीच्या स्नायूंना जोर लावावा लागत नाही. दिवसअखेर अंग गळून जातं आणि ताकद मात्र वाढलेली नसते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासात भारतातल्या ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नसल्याचं दिसलं, पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के होतं. या ५७ टक्क्यांतल्या बहुतेकजणींना सकाळपासून रात्रीपर्यंत बसायला फुरसत मिळत नसेल, याची मला खात्री आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका वेग. मैत्रिणीबरोबर गप्पा मारत दुकानांच्या काचा बघत चालणं यात धरू नका.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि मी ठरवलं, कामं आटोपली की जायचं. कामं आटोपतात का कधी? कुरिअरवाला येतो, गॅस येतो, सासूबाईंच्या बहिणीचा फोन येतो. संध्याकाळी पाहुणे. जी गोष्ट शेवटी ठेवाल तीच रोज सगळ्यात आधी गळते. म्हणून मी सगळ्या बायकांना आधी हेच सांगते की बूट नंतर घ्या, घरातल्यांशी आधी बोला. आणि बोलताना परवानगी मागू नका, वेळ सांगा. “अहो, उद्यापासून साडेसहा ते सव्वासात मी घरात नसेन. पहिला चहा तुम्ही करा, आईंच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून ठेवल्यात.” इतकं नेमकं. “मला जरा व्यायाम करायचा होता” असं अर्धवट पुटपुटलं की घरही अर्धवटच ऐकतं.

पहिले काही दिवस कठीण गेले, ते चालण्यामुळे नव्हे. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण त्यांनी चहाचा कप तसाच झाकून ठेवला. परतल्यावर घरभर पसारा दिसे आणि तो आवरायला मी चपला न काढताच आत शिरे. असं वाटणार, प्रत्येकीला वाटतं. त्यावर माझ्याकडे कोरडा उपदेश नाही, दोन सोयी आहेत. एक, नाश्ता हलका करा: रवा आठवड्याचा एकदम भाजून ठेवला तर उपमा घरात कुणीही करू शकतं. दुसरी, वेळ मागेपुढे करू नका. साडेसहा म्हणजे साडेसहा. घराला पंधरवड्यात सवय होते, पण तुम्ही कधी जाता कधी जात नाही असं असलं तर कधीच होत नाही. सासूबाईंना शेवटी पटलं ते माझ्या तर्कानं नाही. वाकून खालच्या फडताळातला डबा काढताना मी ओट्याला धरत नाही, हे त्यांनीच आधी टिपलं. आता मी जिना उतरते तेव्हा त्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसतात आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव करतात. त्यांच्या वयाला याहून चांगला व्यायाम शोधून सापडणार नाही.

मी चालते सँकी तलावाभोवती. कर्नल रिचर्ड सँकीच्या काळात, १८८२ साली, गावाच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव आज चालणाऱ्यांचा झाला आहे. सपाट वाट आहे, सावली आहे आणि सकाळी बायकांची वर्दळ असते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. अंधारात एकटीनं निर्मनुष्य रस्त्यानं जाण्याचं धाडस करू नका, व्यायामासाठी जीव मुठीत धरायचं कारण नाही. एक सोबतीण शोधा. माझी सोबतीण कन्नड आहे, आम्हा दोघींची भाषा अर्धी अर्धी जुळते आणि पाऊलही जुळतं. जी खाली येऊन वाट पाहते तिच्यासाठी उठावंच लागतं.

पण नुसतं चालून भागत नाही, आणि बायकांच्या बाबतीत हेच सगळ्यात कमी सांगितलं जातं. हाडांना आणि स्नायूंना जोर हवा. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून भिंतीवर तळवे टेकून छाती पुढे नेणं आणि मागे ढकलणं, ओट्याला बोटं टेकवून टाचा उचलणं, खुर्चीवरून उठबस, एक लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन खांद्यापर्यंत उचलणं. सुरुवात एवढ्यानं करा, सोपं वाटू लागलं की भार वाढवा. न वाढवता तेच करत राहिलात तर शरीर तिथेच थांबतं. हाडं आधीच ठिसूळ असतील तर कमरेतून खाली खोल वाकणं आणि पाठीला जोरात पीळ देणं टाळा, तज्ज्ञाला विचारूनच करा.

आसनं शिकायची असतील तर नीट शिका. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार याच कर्नाटकातल्या बेल्लूरचे. लहानपणी आजारांनी पोखरलेला हा मुलगा १९३७ मध्ये पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला आणि पुण्याचाच झाला. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी योगावर सविस्तर पुस्तक लिहिलं. पाळी, गरोदरपण, पाळी जाण्याचा काळ या प्रत्येक टप्प्यावर काय करावं आणि काय करू नये याचा त्यांनी आयुष्यभर विचार केला. बाईचं शरीर दर महिन्याला आणि दर दशकात बदलतं, व्यायामानंही त्याप्रमाणे बदलायला हवं, हे त्यांच्यामुळे मला पटलं. मोबाइलवर पाहून पहिल्याच दिवशी शीर्षासन करू नका.

आता जे कुणी बोलत नाही ते. खोकताना, शिंकताना, भरभर चालताना लघवीचे थेंब जातात म्हणून कितीतरी बायका चालणं सोडतात आणि कारण विचारलं तर गुडघे सांगतात. बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यानं हे होतं. त्या स्नायूंचे व्यायाम आहेत आणि फिजिओथेरपिस्ट ते शिकवतात. लाजू नका. दुसरं, पाच मिनिटांत धाप लागत असेल तर त्याला आळस म्हणू नका, हिमोग्लोबिन तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असेल तर आधी त्यावर उपचार. छातीत दुखणं, चक्कर, जुना हृदयविकार असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. आणि चपलांवर चालू नका. सलवार-कमीज चालेल, साडीही चालेल, पण पायात बूट हवेत.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, दोन तास ट्रॅफिकमध्ये जातात, सकाळचा पाऊण तास कुठून काढू? मग दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, तेही मोजले जातात. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रियांना शक्ती योजनेत सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. एक-दोन थांबे आधी उतरलात तर पैशाचा प्रश्न येत नाही. मेट्रोत सरकता जिना सोडून दगडी पायऱ्या चढा. जेवणाच्या सुट्टीत इमारतीला दोन फेऱ्या मारा.

इथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पाऊस झोडपतो. त्याच सुमारास गणपती, नवरात्र, दिवाळी, माहेरची माणसं. त्या दिवसांत चालणं सुटेल. पूर्ण सोडू नका, घरातच दहा मिनिटं टाचा उचला, उठबस करा, जिना चढा-उतरा. पाहुणे गेल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच चाला, दोन-तीन दिवसांत पूर्ववत व्हा. सुटलेल्या दिवसांची भरपाई एका सकाळी करायला गेलात तर गुडघा धरेल आणि पुन्हा महिनाभर घरी बसाल.