नव्या घराचा कठडा

शास्त्रभाग : अनुवाद 22:8, अनुवाद 20:19, योहान 6:12



अनुवादाच्या पुस्तकात घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. नव्या घराच्या धाब्याला मालकाने कठडा घालावा. कठड्यावाचून कोणी पडून मेला, तर दोष मालकाचा. त्या काळी धाब्यावर माणसे बसत व निजत. घर आपले, तशी त्यापासून दुसऱ्याला होणारी इजाही आपलीच, हे येथील तत्त्व होय. आपला सण व आपले घर या दोहोंना ते लावून पाहू.

1. सणाचा कठडा

नाताळात फटाके आपण आनंदाने उडवतो. पण धूर शेजारच्या दमेकऱ्याच्या छातीत जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली नाताळ व नववर्षाच्या पूर्वरात्री फटाक्यांसाठी 11.55 ते 12.30 एवढीच वेळ ठरवून दिली, तीही कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांपुरती. न्यायालयाने 35 मिनिटे दिली. शेजाऱ्यावरील प्रीती तीही सोडून देऊ शकते.

सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. ते कुजत नाही, आणि जाळले तर घातक धूर होतो. गव्हाणीचा देखावा गवत, माती व जुन्या खोक्यांचा करावा. बांबूच्या कामट्यांचा तारा जपून ठेवला, तर पुढल्या वर्षी फक्त कागद बदलावा लागतो. वेढा घातलेल्या नगराची फळझाडेदेखील तोडू नयेत, अशी इस्राएलास आज्ञा होती. मग सणासाठी झाड का तोडावे? कुंडीतले झाड सजवावे. प्रीतिभोजनास पत्रावळी किंवा मंडळीची स्टीलची ताटे घ्यावीत. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करविले, हे विसरू नये.

2. घराचा कठडा

सिमेंटसाठी चुनखडीचा दगड सुमारे 1450 अंश उष्णतेत भाजतात. इंधनाचा धूर होतोच, शिवाय दगडातूनही कार्बन वायू सुटतो. म्हणून सिमेंट वापरू नये असे नाही. वाया घालवू नये.

लॉरी बेकर (1917–2007) हे क्वेकर पंथाचे इंग्रज वास्तुशिल्पी 1945 साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आले व पुढे केरळात स्थायिक झाले. जवळच्या साहित्यातून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आचरणात आणला. विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तीत सुमारे चौथाई विटा वाचतात व घर कमी तापते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट ओझे फारसे पेलत नाही; तेथे ते जुनी मंगलोरी कौले बसवीत. हीच कौले करण्याचा कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात काढला होता.

आपल्याकडेही गोवा-बेळगावात जांभा आहे, हैदराबादेकडे शहाबादी फरशी आहे. जुने घर किंवा उपासनामंदिर पाडण्यापूर्वी त्याचे चिरे, वासे व कौले पुन्हा लागतील काय, हे गवंड्याला आधी विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

(अ) आपल्या सणाचा त्रास कोणाला होतो? त्याला कधी विचारले आहे काय?
(आ) नाताळनंतर मंडळीच्या आवारातील कचरा कोण उचलतो, व तो कोठे जातो?
(इ) यंदा आपल्या वर्गाने कोणता एक कठडा घालावा?