ऐकू येते, पण समजत नाही

“डॉक्टर, ऐकू तर येते, पण बोललेले समजत नाही,” ही वृद्ध रुग्णांची नेहमीची तक्रार. घरच्यांना ते सोंग वाटते. वस्तुतः त्यामागे शास्त्रीय कारण आहे.

वार्धक्यातील बधिरतेत प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स्वर कळतात, ‘स’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजने निसटतात. आपल्या बालाघाट जिल्ह्यात याला आणखी एक कारण संभवते. भरवेली, उकवा, तिरोडी येथील मँगनीजच्या खाणींतील छिद्रणयंत्रे व सुरुंग यांसारखा प्रचंड आवाज वर्षानुवर्षे, कानांना संरक्षण न देता, सोसल्यास अंतर्कर्णातील केसपेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. हा आघातही प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उच्च कंप्रतेवरच होतो.

परिणाम गंभीर होऊ शकतो. इन्सुलिन ‘सहा’ युनिट सांगितले आणि रुग्णाने ‘दहा’ ऐकले, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

अशा वेळी आपण आवाज चढवतो. परंतु ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही व मोठा असह्य होतो. आपण रागावलो आहोत, असा रुग्णाचा समज होतो, तो निराळाच. म्हणून माझे सुचविणे असे :

१. कूलर, दूरदर्शन बंद करावे. तीन-चार फुटांवर, समोरासमोर बसावे. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असावा. कागदावर लिहिता लिहिता बोलू नये.

२. आधी नाव घेऊन लक्ष वेधावे. मग नेहमीच्या आवाजात, सावकाश बोलावे.

३. न समजल्यास तेच वाक्य न उगाळता शब्द बदलावेत. ‘प’, ‘ब’, ‘म’ हे वर्ण ओठांवर सारखेच दिसतात.

४. औषधाची मात्रा ठळक आकड्यांत लिहून द्यावी. “समजले ना?” याऐवजी “आता किती घ्याल, ते मला सांगा,” असे विचारावे. संकोचापोटीही मान डोलावली जाते.

५. सोबतच्या मुलाशी वा सुनेशीच बोलून रुग्णाला बाजूला सारू नये.

कानातील मळ व मध्यकर्णाचे विकार आधी तपासावेत; ते बरे होण्याजोगे असतात. श्रवणयंत्राने पुष्कळ साहाय्य होते. मात्र ते भोवतीचा गोंगाटही वाढविते, म्हणून वरील नियम त्यानंतरही पाळावेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. आपल्या घरांतही असे आजोबा, आजी आहेत. लग्नसमारंभात त्यांना ध्वनिक्षेपकापासून दूर, भिंतीकडे पाठ करून बसवावे. त्यांनी “काय म्हणालात?” असे विचारल्यावर “जाऊ द्या, काही नाही” हे उत्तर कधीही देऊ नये. त्या तीन-चार शब्दांनीच माणूस हळूहळू बोलणे सोडतो आणि घरात असूनही एकाकी होतो.