लिंबोळी पिवळी व्हायच्या आत

माय, सोमवारी तू परभणीला प्रशिक्षणाला चाललीस. गटातल्या बायांनी रोपवाटिका अंगावर घेतली, हे ऐकलं तेव्हापासून माझं मन तिकडेच आहे. तिथे जे शिकवतील ते मन लावून शीक. जायच्या आधी म्हाताऱ्याच्या चार गोष्टी मात्र कानात घालून घे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई-बाप खडी फोडायला जायचे, मी डोक्यावरून पाट्या वाहायचो. त्या वर्षाच्या झळीत आपल्या मळ्यातला सगळा आंबा वाळला. पांदीच्या तोंडाची चिंच आणि मारुतीच्या पारावरचा लिंब मात्र हिरवे राहिले. त्यानंतर २०१६ आलं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आपल्याकडे टँकरच्या मागे माणसं धावली. तेव्हाही ही दोन झाडं उभीच होती. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की मराठवाड्याची शिवारंच्या शिवारं पाण्याखाली गेली. ओढ्याकाठचा करंज आठ दिवस कमरेएवढ्या पाण्यात होता आणि दिवाळीला त्यानं नवी पालवी काढली.

म्हणून रोप कोणतं लावायचं, याच्या आधी बी कोणत्या झाडाचं, हे विचारायला शीक. कोरडा आणि ओला असे दोन्ही दुष्काळ ज्यानं बघितले, त्याच्या पोटचं बी घे. तेही एकाच झाडाखाली बसून पोतं भरू नकोस. एका झाडाची सगळी रोपं म्हणजे सख्खी भावंडं, एक रोग आला की सगळी एकदम आडवी होतात. वीस-पंचवीस झाडं हेर, एकमेकांपासून लांब लांबची, आणि प्रत्येकाचं थोडं थोडं बी घेऊन मिसळ. जिंतूरच्या डोंगराकडच्या मुरमाड रानातलं बी वेगळ्या पिशवीत ठेव, गोदाकाठच्या भारी रानातलं वेगळ्या. मुरमाला मुरमाचं आणि काळीला काळीचं बी लाव.

बियांचेही स्वभाव वेगवेगळे असतात. लिंबोळी उतावळी. पिवळी झाली की उचल, गर धुऊन काढ, सावलीत वाळव आणि दोन-तीन आठवड्यांत पेरून मोकळी हो. पुढच्या साली कामाला येईल म्हणून डब्यात ठेवलेली लिंबोळी म्हणजे मेलेली लिंबोळी. बाभळीचं याच्या उलट. तिच्या बियाचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहील. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाक आणि दिवसभर तसंच भिजू दे. त्याहून सोपं म्हणजे शेळ्यांच्या वाड्यात जा. शेळीनं शेंगा खाल्ल्या की लेंड्यांतून पडलेलं बी चांगलं उगवतं. माझ्या आईनं बांधावरच्या बाभळी अशाच उभ्या केल्या.

आता पिशवीचं. एका साली मी बाहेरून तीनशे रोपं आणली, चांगली छातीएवढी उंच. लोक बघायला यायचे. तिसऱ्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात त्यातली कितीतरी उन्मळून पडली. एक उपटून बघितलं, तर खाली मुळं चुंबळीसारखी गोल गोल गुंडाळलेली. रोप पिशवीत जास्त दिवस राहिलं, मुळाला खाली जायला वाट मिळाली नाही, म्हणून ते आतल्या आत फिरत बसलं आणि जमिनीत लावल्यावरही तसंच फिरत राहिलं. तेव्हापासून मी रोपाच्या उंचीकडे बघत नाही. बुंधा करंगळीएवढा जाड आहे का ते बघतो, आणि एक पिशवी फाडून मूळ तपासल्याशिवाय गाडी भरत नाही. तूही तसंच कर. लावताना पिशवीचा तळ ब्लेडनं कापून टाक, खाली वळलेली मुळं कापली गेली तरी भिऊ नकोस.

वर्गात साहेबलोकांना प्रश्न विचार, लाजू नकोस. कुणी कोणतंही झाड सांगितलं की पहिला प्रश्न असा कर : हे कोणत्या जमिनीसाठी? पण दुपारची सुट्टी झाली की रोपवाटिकेत काम करणाऱ्या बाईजवळ जाऊन बस. तिच्या हातांकडे बघ. आपली काळी माती नुसती पिशवीत भरली तर तिची वीट होते. ती बाई माती, रेती आणि कुजलेलं शेणखत किती किती घेते, मूठ दाबून कशी पारखते, पिशवी आपटून आतली हवा कशी काढते, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही.

तू जिथे शिकायला चाललीस, ते परभणीचं कृषी विद्यापीठही दुष्काळातच जन्मलं, १८ मे १९७२ ला. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथले लोक दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला काढतात. तो मोबाईलवर कसा मिळवायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून घे. बाभुळगावात त्यांनी निक्रा प्रकल्पाचं काम केलं आहे, बदलत्या हवामानात शेती कशी टिकवायची त्याचं. शिवारफेरी तिकडे निघाली तर चुकवू नकोस.

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नकोस. पूर्वीही मृग फसवायचा, आता तर पाऊस येतो आणि तीन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. आर्द्रा पडू दे, हातभर ओल खाली जाऊ दे, सल्ल्यात पुढच्या पाच दिवसांत पाऊस दिसू दे, मग लाव. खड्डे मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापलेले हवेत. भारी रानात खड्ड्यात पाणी साचून मूळ सडतं, म्हणून तिथे माती चढवून उंचवट्यावर लाव. मुरमात खड्डा मोठा घे, तळ्यातला गाळ आणि शेणखत भर, पाणी अडेल असं आळं कर.

आपली जात्याच भेगाळणारी जमीन. जानेवारी-फेब्रुवारीत रोपाजवळ पहिली भेग दिसली की त्याच दिवशी खुरपं घेऊन बस. भेगेतून वारा आत शिरतो, मूळ तुटतं आणि वाळतं. वरून पाणी घालून उपयोग होत नाही, ते भेगेतून सरळ खाली निघून जातं. माती भुसभुशीत करून भेग बुजव आणि वर तुरीचं भुसकट नाहीतर सोयाबीनचं कुटार चार बोटं जाड पसर, खोडाला न चिकटवता. मागच्या साली मी एका ओळीला हे केलं आणि शेजारची ओळ तशीच ठेवली. एप्रिलात तुला नेऊन दोन्हींतला फरक दाखवला होता, आठवतं ना?

२०१९ ला राज्यात तेहतीस कोटी झाडांचा संकल्प झाला होता. खड्डे खणायला तेव्हा पुष्कळ माणसं होती. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोण येणार, हे तू गटाच्या बैठकीत आधी ठरव, नावानिशी, आणि मगच रोपांचा आकडा लिही. जगवता येतील तेवढीच घ्या, मग ती पन्नास का असेनात.

तुझ्या पिशवीत एक दोनशे पानी वही टाकली आहे. कोणतं बी कुठल्या झाडाचं, कधी पेरलं, कधी उगवलं, किती मेलं आणि कशानं मेलं, सगळं लिही. मेलेल्याचं तर आधी लिही. पारावरच्या लिंबाच्या लिंबोळ्या अजून हिरव्या आहेत, पंधरा दिवसांत पिवळ्या होतील. शेवटचा वर्ग संपला की त्याच संध्याकाळच्या एसटीनं ये. पाखरं आणि पोरं टिपून न्यायच्या आत आपल्याला त्या गोळा करायच्या आहेत.