ऊन पाणी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, समुद्राच्या काठी, मुरुड हे गाव वसलेले आहे. गावाच्या एका अंगास वाळूचा लांबरुंद किनारा, तर आतल्या अंगास नारळी-पोफळीच्या वाड्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावी गेले. समुद्र जवळ असल्यामुळे येथील थंडी फारशी कडक नसते. घर उबदार ठेवण्यासाठी शेगडी पेटवावी लागत नाही. तरीही पौषातील पहाटे रात्रभर गारठलेल्या टाकीतले पाणी अंगावर घेताना शहारे येतात, आणि घरोघरी एकच मागणी होते : आंघोळीला ऊन पाणी हवे.

कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. त्या काळी कोकणातील घरांच्या मागील दारी चुलीवर पाण्याचा हंडा चढवीत असत. जळण बहुधा विकत आणावे लागत नसे. वाडीत गळून पडलेल्या झावळ्या, नारळाची सोडणे आणि करवंट्या हेच जळण. परंतु ते फुकट मिळे, असे म्हणणे मात्र बरोबर नव्हे. ते गोळा करणे, वाळवणे, पावसाळ्यापूर्वी आडोशाला रचून ठेवणे ही कामे घरातील बायकामुलांच्या वाट्यास येत. पहाटे अंधारात उठून फुंकणीने चूल फुंकता फुंकता डोळ्यांना धारा लागत आणि धूर छातीत जाई. ऊन पाण्याचे बिल त्या वेळी कागदावर येत नसे. ते घरातील बाई आपल्या डोळ्यांनी आणि कष्टांनी चुकते करीत असे.

म्हणूनच उष्णता वाया जाऊ नये याची काळजी जुन्या लोकांनी आपल्या परीने घेतली होती. चुलीच्या बाजूला वैल असे. चुलीतील जाळाची उरलेली धग त्याच्या तोंडाशी येई आणि त्यावर ठेवलेले भांडे आपोआप तापे. पुढे तांब्याचा बंब आला. त्याच्या मधोमध जाळाची उभी नळी आणि तिच्या सभोवती पाणी, अशी त्याची रचना असते. हंड्याखालचा जाळ बाजूंनी निसटून जातो. बंबातील जाळाला मात्र सगळीकडून पाण्याचाच वेढा असतो. त्यामुळे थोड्या जळणात पुष्कळ पाणी तापते.

काळ बदलला. गावोगावी वीज आली, न्हाणीघरात गीझर आला. कळ दाबली की पाणी तापू लागले. धूर गेला, डोळ्यांचे पाणी थांबले; पण महिन्याच्या शेवटी विजेचे बिल येऊ लागले.

मुरुडमधील अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. घरात आजोबा, आजी, आई, वडील आणि सातवीत शिकणारी मुलगी अशी पाच माणसे आहेत. उन्हाळा संपल्यावर या घरी महिन्याला सुमारे ९० युनिटे वीज लागे. थंडीच्या महिन्यात मात्र बिलावर १६० युनिटांचा आकडा आला. वडिलांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आजोबांनी लगेच पडवीतील दिवा बंद केला. "रात्रभर दिवे जाळता, मग बिल वाढेल नाही तर काय!" ते म्हणाले. मुलगी काही बोलली नाही. तिने वही घेतली आणि मीटरवरील आकडा लिहून ठेवला.

आठ दिवस ती रोज दोनदा आकडा टिपत असे : एकदा पहाटे, कोणी न्हाणीघरात जाण्यापूर्वी, आणि एकदा सर्वांच्या आंघोळी झाल्यावर. एवढ्या वेळातच मीटर दोन युनिटांहून अधिक पुढे सरकलेले तिला रोज आढळले. तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, हे बिल दिव्याचे नव्हे, आपल्या आंघोळीचे आहे."

"मग काय, आंघोळ सोडायची?" आजोबा हसून म्हणाले. पण त्यांनी वही हाती घेतली.

मुलीचा हिशेब असा होता. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. पडवीतील दिवा १० वॅटचा. तो रोज पाच तास जळला, तरी महिन्याला अवघे दीड युनिट होते. गीझर मात्र २००० वॅटचा. तो अर्ध्या तासातच एक युनिट संपवतो. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४२०० जूल उष्णता लागते आणि एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. वीस लिटरची एक बादली २२ अंशांपासून ४२ अंशांपर्यंत तापवायची, तर १६ लाख ८० हजार जूल, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या पाच बादल्यांना रोज सुमारे सव्वादोन ते अडीच युनिटे लागतात. महिन्याला ती ७० होतात. ९० आणि ७० मिळून बरोबर १६०.

यात आणखी एक गोष्ट होती. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढत जातात. पहिल्या १०० युनिटांना जो दर पडतो, त्याहून पुढच्या युनिटांना बराच अधिक पडतो. थंडीत वाढलेल्या ७० युनिटांपैकी ६० या महाग टप्प्यात गेली होती. त्यामुळे वीज दुपटीहून कमी वाढली, तरी बिल दुपटीच्या पुढे गेले होते.

कारण कळल्यावर उपाय सुचणे सोपे झाले. गीझर तासन्‌तास चालू ठेवला, तर तापलेले पाणी निवते आणि ते पुनःपुन्हा तापवावे लागते. म्हणून सर्वांनी एकामागून एक आंघोळ करायची आणि शेवटच्या आंघोळीपूर्वीच गीझर बंद करायचा, असे ठरले. आजोबा-आजींना पहाटेची घाई नव्हती. त्यांनी दुपारी आंघोळ करण्याचे ठरवले. त्यांच्यासाठी काळ्या रंगाचे झाकणाचे पीप अंगणात उन्हात ठेवण्यात आले. काळा रंग ऊन शोषून घेतो. दुपारपर्यंत पाणी पुरेसे कोमट होई. दोन बादल्या सूर्याने तापवल्या आणि महिन्याला सुमारे २८ युनिटे वाचली.

याच तत्त्वावर सौरबंब चालतो. छपरावरील काळ्या पत्र्याच्या नळ्यांत पाणी तापते. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि गार पाणी खाली नळ्यांत येते. टाकीला उष्णतारोधक वेष्टण असल्यामुळे दुपारचे पाणी दुसऱ्या सकाळपर्यंत ऊन राहते. सुमारे दोन चौरस मीटर पत्रा दिवसाला १०० लिटर पाणी तापवू शकतो. पावसाळ्यात ढगाळ दिवशी तो फारसा उपयोगी पडत नाही. पण ऊन पाण्याची खरी गरज थंडीत असते आणि कोकणात थंडीतील आकाश निरभ्र असते. सौरबंब घेताना एकरकमी पैसे मोजावे लागतात, हे मात्र विसरून चालत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांना काळे पीपही उपयोगी पडते.

वाडीतील पालापाचोळ्याचाही विचार नव्या दृष्टीने होऊ शकतो. महर्षी कर्वे यांचे नातू, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली 'आरती' ही संस्था स्थापन केली. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची रीत या संस्थेने शोधली. त्या कामासाठी तिला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. 'सराई' नावाच्या तिच्या वाफेच्या कुकरमध्ये सुमारे १०० ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचे जेवण शिजते. अशा कोळशाला धूर फारसा नसतो. तरीही त्यातून डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू निघतो. म्हणून कोळसा बंद खोलीत किंवा न्हाणीघरात कधीही पेटवू नये.

ऊन पाण्याची किंमत प्रत्येक काळी कोणीतरी मोजलेली आहे. कधी ती आईने धुरात बसून मोजली, कधी वडिलांनी पगारातून मोजली. ती किती आहे आणि कोणाच्या माथी पडते आहे, हे ज्या घरात ठाऊक असते, त्या घरात ती हलकी करण्याची वाटही सापडते. पुढच्या महिन्याचे बिल आले, तेव्हा आजोबांनी ते प्रथम नातीच्या हाती दिले. संध्याकाळी पडवीतील दिवा पुन्हा लागला.

अभ्यास

१. 'पूर्वी जळण फुकट मिळे' हे म्हणणे बरोबर का नाही?
२. हंड्यापेक्षा बंबात पाणी लवकर का तापते?
३. आजोबांचा अंदाज कोठे चुकला? मुलीने तो कसा दाखवून दिला?
४. आपल्या घरच्या मीटरवरील आकडा आठ दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. सर्वांत अधिक वीज कोणत्या कामाला लागते, ते शोधा व दहा ओळींत लिहा.