लॅपटॉप घ्यायला निघालात? सॅक भरून सोबत न्या

प्रवेशाची यादी लागली की समुपदेशनाला येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘मॅडम, लॅपटॉप कोणता घेऊ?’ मी उलट विचारते, ‘कॉलेज कुठलं मिळालं? आणि गाडी कितीची?’ दुसरा प्रश्न ऐकून आई-बाबा एकमेकांकडे बघतात. गाडीचा आणि लॅपटॉपचा काय संबंध?

संबंध आहे. डोंबिवलीच्या मुलीला माटुंग्याचं कॉलेज मिळालं असेल, तर तिच्या लॅपटॉपचं वजन आधी बघायचं आणि रॅम नंतर. दुकानात तो टेबलावर ऐटीत उघडा असतो. वर्षभर मात्र तो सकाळच्या फास्टमध्ये, सॅक पुढे घेऊन उभ्या असलेल्या मुलीच्या पोटाशी असणार आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. लटकणाऱ्यांच्या पाठीवरच्या बॅगा एकमेकींना घासल्याची शक्यता तेव्हा रेल्वेकडूनच सांगितली गेली होती. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण आपल्या कल्याण-ठाणे पट्ट्यात सॅक किती फुगते, हा प्रश्न पाठदुखीपुरता नाही.

आधी काटा, मग आकडे

१५.६ इंची साधा लॅपटॉप साधारण १.६ ते १.८ किलोचा असतो. गेमिंगचा सव्वादोन ते अडीच किलो, आणि त्याचा विटेएवढा चार्जर अर्ध्या किलोच्या आसपास. त्यात डबा, पाण्याची बाटली, जर्नल आणि पावसाळ्यात छत्री धरा. त्यामानाने १४ इंची लॅपटॉप १.३ ते १.५ किलोत मिळतो आणि टाइप-सी चार्जिंगचा असेल तर चार्जरही छोटा असतो. रोज कल्याण-डोंबिवलीहून दादरच्या दिशेने जाणाऱ्यांनी दीड किलो ही मर्यादा मानावी. बॅटरी खऱ्या वापरात सहा-सात तास टिकली, तर चार्जर घरीच ठेवता येतो. वर्गात प्लगजवळचा बाक पकडण्याची शर्यतही वाचते.

मुलगा कल्याणलाच बिर्ला महाविद्यालयात, डोंबिवलीत पेंढरकरला किंवा ठाण्यात जोशी-बेडेकर, बांदोडकरला जाणार असेल आणि घर जवळ असेल, तर हा हिशोब बदलतो. तिथे हलकेपणासाठी जादा पैसे मोजू नका. त्याच किमतीत मोठा पडदा आणि जास्त रॅम मिळत असेल तर ते घ्या.

शाखा काय मागते?

कला, विधी आणि वाणिज्य शाखांना नोट्स, वर्ड, एक्सेल आणि प्रेझेंटेशन एवढंच लागतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो. वाणिज्यवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : टॅली विंडोजवर चालतं. स्वस्त आणि हलकं म्हणून क्रोमबुक घेतलं, की टॅलीच्या क्लासला पंचाईत होते.

आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सला १६ जीबी रॅम बघा. मेकॅनिकल आणि सिव्हिलला कधीतरी ड्रॉइंगची जड सॉफ्टवेअर लागतील, पण त्या धास्तीने पहिल्याच वर्षी गेमिंग लॅपटॉप घेऊन तो चार वर्षं वाहू नका. अशा कामासाठी कॉलेजच्या लॅब असतात. वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांना विचारा, ते खरं सांगतील.

मराठी माध्यमातून किंवा मराठी विषय घेऊन शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाइप करावं. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या नोट्स दुसऱ्याच्या मशीनवर उघडल्या की अक्षरांची खिचडी होते. शिवाय ही सवय पुढे कामाला येते. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग मागतात. तीन वर्षं रोज नोट्स टाइप करणाऱ्याचा हात तोवर चांगलाच बसलेला असेल.

दुकानात विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : रॅम नंतर वाढवता येते का? बारीक लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. तसं असेल तर १६ जीबीच घ्या, कारण दुसरी संधी नाही.

दुसरा : प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी कोणतं अक्षर आहे? ‘यू’ असेल तर तो कमी वीज खाणारा, ‘एच’ असेल तर ताकदीचा पण बॅटरी पिणारा. नोट्सला ‘यू’ भला.

तिसरा : स्टोरेज किती आणि कसलं? ६४ जीबी ईएमएमसीवाला स्वस्त लॅपटॉप विंडोजच्या अपडेटनेच भरतो. ५१२ जीबी एसएसडी घ्यावी, निदान २५६ तरी.

चौथा : सर्व्हिस सेंटर कुठे आहे, आणि माणूस घरी येऊन दुरुस्त करणार की आपण मशीन घेऊन फिरायचं? परीक्षेच्या आठवड्यात या उत्तराची किंमत कळते.

बिजागरी स्वतः चार वेळा उघडून बघा आणि कीबोर्डवर एक परिच्छेद टाइप करा. तो मुलीने करायचा, बाबांनी नव्हे.

जुना घ्यावा का?

घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. कंपन्यांमधून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप मजबूत असतात आणि त्यातली काही मॉडेल दीड किलोच्या आत बसतात. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ठाण्या-डोंबिवलीतल्या ओळखीच्या दुकानात, जीएसटीचं बिल आणि लेखी वॉरंटी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुन्या मशीनच्या प्रोसेसरची पिढीही बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आठव्या पिढीच्या आधीच्या जवळपास सगळ्या इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. पिढी ओळखणं सोपं आहे. ‘आय५-८२५०यू’ या नावात डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. तिथे ६ किंवा ७ दिसला, तर कितीही स्वस्त असला तरी नमस्कार करून बाहेर पडा. विंडोज स्वतः बॅटरी रिपोर्ट काढून देतं, तो दुकानदाराला समोर काढायला सांगा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावात कापून घ्या.

हप्ता आणि हुरूप

‘नो कॉस्ट ईएमआय’चा फलक बघून बजेट दहा हजारांनी वाढतं, हे मी वारंवार पाहते. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. व्याज कुठेतरी भरलं जातंच. बऱ्याचदा रोखीत मिळणारी सूट हप्त्यात नाहीशी झालेली असते. दोन्ही किमती कागदावर लिहून घ्या.

आणि पालकांची खरी काळजी : ‘लॅपटॉप नसेल तर मूल मागे पडेल का?’ पहिल्या महिन्यात तरी नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्यूलर आणि ओपनहायमर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवत होते, आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे सरस ठरले. नंतरच्या प्रयोगात गुणांमधला फरक तितका ठळक आला नाही, पण शब्दशः उतरवण्याची खोड पुन्हा दिसली. म्हणून वर्गात वही आणि घरी लॅपटॉप, ही जोडी मी सुचवते. वहीतली टिपणं संध्याकाळी आपल्या शब्दांत टाइप केली की उजळणीही होते. गणित, रसायनशास्त्रातल्या आकृत्या तर कागदावरच जलद निघतात.

तेव्हा कॉलेज सुरू होऊन पंधरा दिवस जाऊ द्या. रोज कुठली पुस्तकं न्यावी लागतात, गाडीत जागा कशी मिळते, वर्गात लॅपटॉप उघडू देतात का, हे तोवर कळतं. मग दुकानात जाताना डबा, बाटली, जर्नलसकट भरलेली सॅक घेऊन जा. पसंत पडलेला लॅपटॉप चार्जरसह त्यात ठेवायला सांगा, सॅक मुलाला पुढे अडकवू द्या आणि दहा मिनिटं त्याला तसंच उभं ठेवून बाकीची चौकशी करा. दहा मिनिटांत त्याने खांदा बदलला, तर तो लॅपटॉप तुमच्या घरासाठी नाही.