तीन ग्लास आणि एक गणित

हॉस्टेलमधले काही वाद बॅचमागून बॅच पास आऊट झाल्या तरी संपत नाहीत. सचिन मोठा की विराट, मेकॅनिकल अवघड की इलेक्ट्रिकल, आणि रात्री बारानंतर हमखास निघणारा तिसरा वाद म्हणजे कोणती बिअर भारी? या तिसऱ्या वादात सगळ्यात मोठा आवाज सेकंड इयरवाल्यांचा असतो हे विशेष. कारण महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५, आणि वर परवानाही लागतो. मी स्वतः २० वर्षांचा आहे. तेव्हा सर-मॅडम, विषय बघून दचकू नका. दोन गोष्टींची तुलना नीट कशी करायची, एवढंच मला सांगायचंय. आणि ती नीट न केल्यामुळे आमच्या विंगमध्ये काय झालं, तेही.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. शुद्धलेखन संपादकांनी तपासलंय. चुका सापडल्या तर त्यांना धरा!)

ब्रुअरीतून आलेली टी-टेस्ट

एम-फोरच्या पेपरात आपण ‘स्टुडंट्स टी-टेस्ट’ घोकून जातो. हा स्टुडंट कोण, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला वाटायचं, आपल्यासारखाच कुणीतरी असेल. त्याचं खरं नाव विल्यम सिली गॉसेट. हा माणूस डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत १८९९ साली नोकरीला लागला. बार्ली चांगली कुठली, हॉप्स चांगले कुठले, हे त्याला मोजक्याच सॅम्पलवरून ठरवायचं होतं. हजारो रीडिंग घ्यायला वेळ कुणाकडे? मग थोड्या सॅम्पलवर किती भरवसा ठेवावा, याचंच त्याने गणित मांडलं. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने पेपर छापू देत नव्हती, म्हणून १९०८ साली ते ‘स्टुडंट’ या नावाने छापून आलं.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत सोरेन्सनने पीएच स्केल मांडली. म्हणजे केमिस्ट्री प्रॅक्टिकलला आपण जो पीएच काढतो, तोही बिअरवाल्यांच्याच लॅबमधून आलेला. या धंद्यात ‘मला आवडली’ एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक बॅच मागच्या बॅचसारखी लागली पाहिजे, आणि नाही लागली तर ते गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे.

ट्रँगल टेस्ट

त्यासाठी कार्ल्सबर्गमध्ये १९४० च्या दशकात एक साधी पद्धत वापरात आली. तिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. समोर तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. नाव, बाटली, लेबल काही दाखवायचं नाही. वेगळा ग्लास कुठला ते सांगायचं, बास. काहीच न कळता नुसता अंदाज मारला तरी तीनात एकदा बरोबर येतोच. त्यामुळे अंदाजापेक्षा जास्त उत्तरं बरोबर आली, तरच खरंच फरक कळतोय असं म्हणायचं.

आम्ही हा प्रयोग रूममध्ये केला, अर्थात कोल्ड्रिंकवर. दोन कंपन्यांचे कोला घेतले, एकाच बादलीतल्या बर्फात ठेवले. वेगळा ग्लास पहिला, मधला की शेवटचा, आणि त्यात कुठला कोला, असे एकूण सहा क्रम होतात. पोरं बारा, म्हणून प्रत्येक क्रम दोनदा. नुसत्या अंदाजाने बारांत सरासरी चार बरोबर यायला हवेत. बायनॉमियल लावून बघा: सात बरोबर येण्याची किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास, आठ किंवा जास्तची दोन टक्क्यांहून कमी. म्हणजे आपली नेहमीची ५ टक्क्यांची अट धरली तर आठ तरी बरोबर हवेत. आमचे आले पाच! ‘मी तर झोपेतही ओळखीन’ म्हणून समोशांची पैज लावणारा पहिल्याच फेरीत गेला. समोसे मात्र छान होते.

याचा अर्थ दोन्ही कोला सारखे असा होत नाही. आम्हा बारा जणांना फरक कळतो हे सिद्ध झालं नाही, एवढाच होतो. आपण जे चवीचं मत म्हणून सांगतो, त्यात लेबल, जाहिरात आणि सीनियरचं मत किती मिसळलेलं असतं, ते तेव्हा कळलं.

चव म्हणजे बराचसा वास

मग तुलना करणारे करतात काय? वास घेतात. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून, डोळे मिटून मित्राकडून थोडं जिरं आणि थोडी बडीशेप खाऊन बघा. ओळखणं कठीण जातं. नाक सोडलं की क्षणात कळतं.

बिअरमध्ये मुख्य गोष्टी चारच: पाणी, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स आणि यीस्ट. हॉप्सच्या फुलांमुळे कडवटपणा येतो. वरच्या थरात, साधारण १५ ते २४ अंशांना काम करणारं यीस्ट वापरलं की होते एल, आणि तळाशी, थंडीत सावकाश काम करणारं वापरलं की लागर. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या लागरच्या असतात.

यीस्ट काय काय करतं याचा पुरावा मला पुण्यात मिळाला. पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली, आणि तिथून क्राफ्ट बिअर हा शब्द आपल्याकडे रुळायला लागला. गंमत म्हणजे ‘डूलाली’ हा इंग्रजी शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर वेडे व्हायचे, म्हणून डूलाली म्हणजे डोकं फिरलेला! तर एका मायक्रोब्रुअरीत माझ्या मोठ्या चुलतभावाने गव्हाची बिअर मागवली. माझ्यासमोर लिंबू सरबत होतं. दादा म्हणाला, “पिऊ नकोस, नुसता वास घे आणि सांग.” मी म्हटलं, “यात केळं घातलंय. आणि बहुतेक लवंग.” दादा हसला. दोन्ही नव्हतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा. हो, तेच एस्टर जे आपण ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला बनवतो आणि मग दिवसभर एप्रनला केळ्याचा वास येतो. लवंगेसारखा वास फोर-व्हिनाइल ग्वायाकोलचा. दोन्ही यीस्टने बनवलेले.

वासावरून दोषही पकडता येतात:

- लोण्याचा वास: डायअॅसिटिल. यीस्टचं काम पुरतं होऊ दिलेलं नाही.
- कच्च्या हिरव्या सफरचंदाचा: अॅसिटाल्डिहाइड. बिअर अजून कोवळी आहे.
- उकडलेल्या मक्याचा: डायमिथाइल सल्फाइड. उकळणं कमी पडलं.
- ओल्या पुठ्ठ्याचा: हवा लागून शिळी झालेली.
- उग्र, नकोसा दर्प: उजेडामुळे हॉप्समधल्या घटकांपासून गंधकाचं संयुग तयार झालं. म्हणून तर बाटली तपकिरी असते.

तुलना करणारे बर्फासारखी गार बिअर घेत नाहीत, कारण गारठ्याने वासच मरतो. स्वच्छ ग्लास, थोडं माप, मध्ये साधं पाणी, हलक्यापासून कडक अशा क्रमाने. एकेका पेयाचे दोन-तीन घोट पुरतात. चढायला लागली की जीभ आणि नाक दोन्ही कामातून जातात. म्हणजे खरी तुलना करणाऱ्याला कमीच प्यावी लागते. आपल्या हॉस्टेलची तुलना मात्र एकाच परिमाणात चालते: कमी पैशात जास्त कुठली चढते.

आता गणित

बाटलीवर जी टक्केवारी असते ती आकारमानाची असते. अल्कोहोलची घनता ०.७८९. बाकी गुणाकार:

- माइल्ड बिअर, ६५० मिली, ५ टक्के: सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल.
- स्ट्राँग बिअर, ६५० मिली, ८ टक्के: सुमारे ४१ ग्रॅम.
- व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग, ४२.८ टक्के: सुमारे २० ग्रॅम.

परत वाचा. स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन लार्ज पेग. दोन बाटल्या म्हणजे चार. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचाच आहे.

अजून एक पायरी. ६५ किलोच्या मुलाने एक स्ट्राँग बाटली पटकन संपवली असं धरू. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, म्हणून वजन ०.६८ ने गुणायचं: ४४ किलो. ४१ भागिले ४४, म्हणजे १०० मिली रक्तात ढोबळमानाने ९३ मिलिग्रॅम. गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा आहे ३०. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे एका बाटलीनंतर मर्यादेखाली यायलाच चारेक तास.

विंगमधला मित्र

हे गणित मी मागच्या ३१ डिसेंबरनंतर केलं. आधी करायला हवं होतं.

त्या रात्री आम्ही बाहेर एका फ्लॅटवर होतो. आमचा एक मित्र, एकवीस पूर्ण झालेला, साधा मुलगा. एक वाजता तो म्हणाला, “गाडीची किल्ली दे रे, मी जातो.” मी विचारलं, “किती झाली?” तो म्हणाला, “दोनच. आणि फक्त बिअर.” तो खोटं बोलत नव्हता. बाटल्या दोनच होत्या. चालत नीट होता, बोलत नीट होता. मी किल्ली दिली. त्याने चार पेग लावलेत असं कुणी सांगितलं असतं, तर मी नक्कीच दिली नसती. गाडी डिव्हायडरवर गेली. मांडीत रॉड, एक सेमिस्टर बुडालं. त्याच्या आईने हॉस्पिटलमध्ये मला विचारलं, “तू होतास ना रे बरोबर?” त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आम्ही दोघं इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. प्रॅक्टिकलला युनिट लिहायचं राहिलं की सर मार्क कापतात. आणि त्या रात्री आम्ही बाटल्या मोजत होतो, ग्रॅम नाही.

त्याने हा लेख छापण्याआधी वाचलाय. म्हणाला, “नाव नको टाकू, पण ते ४१ मोठ्या अक्षरांत छाप.” संपादक मोठी अक्षरं देतील की नाही माहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. तेव्हा न पिणाऱ्यांनी काही गमावलेलं नाही. वासाची गंमत चहा, मसाला, आंबा यांतही तेवढीच आहे, आणि ट्रँगल टेस्ट मेसच्या डाळीवरही करता येते. पुढे एकवीस झाल्यावर कुणाला बिअरची चव कळून घ्यायचीच असेल, तर आधी वास घ्यावा, लेबलवरचा आकडा वाचावा आणि गुणाकार करावा. आणि पार्टीत कुणी किल्ली मागितली, तर ‘किती बाटल्या’ असं विचारू नका. विचारायचंच काही कारण नाही. किल्ली खिशात ठेवा आणि रिक्षा बोलवा.